हजार रुपयांत हरिश्चंद्रगड: कमी खर्चात दोन दिवसांचा ट्रेक कसा आखायचा

ट्रेक महाग कशामुळे होतो, याचं उत्तर बहुतेक जण बूट, सॅक, तंबू असं देतात. माझ्या अनुभवात ते खरं नाही. सामान एकदा घेतलं की दहा वर्षं चालतं, आणि नसलं तर मागून आणता येतं. ट्रेक महाग होतो तो परतीची गाडी चुकल्यामुळे.

कॉलेजात असताना आम्ही चौघं हरिश्चंद्रगडावरून उतरत होतो. कोकणकड्यावर जास्त वेळ रेंगाळलो, टोलार खिंडीत पुन्हा बसलो आणि हमरस्त्यावरच्या खुबी फाट्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. रविवार होता. नगरकडून येणाऱ्या एसट्या गच्च भरलेल्या, एकही थांबेना. शेवटी एक जीप मिळाली, पण तिच्या भाड्यात चौघांचे मिळून दोन हजारांवर रुपये गेले. त्या काळात तेवढ्यात आमचे तीन ट्रेक झाले असते. तेव्हापासून मी प्रत्येक ट्रेकची आखणी शेवटून करतो: आधी परतीची गाडी, मग उतरायची वेळ, मग चढायची वेळ आणि सगळ्यांत शेवटी घरातून निघायची वेळ.

ही पद्धत हरिश्चंद्रगडाच्या उदाहरणावर सविस्तर सांगतो. मुंबई-ठाणे-कल्याणकडच्या माणसाला हा गड निव्वळ सरकारी वाहनाने गाठता येतो, मुक्कामाची सोय होते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यालाही पुरून उरेल एवढं तिथे पाहायला आहे. पुण्याहून येणाऱ्यांसाठीची वाटही पुढे देतो.

आधी वाट ठरवा

गडाची उंची सुमारे १४२४ मीटर. गड अकोले तालुक्यात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येतो, पण त्याच्या पायथ्याचं खिरेश्वर गाव पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात आहे. वर जायच्या वाटा अनेक आहेत. त्यातल्या तीन जास्त बोलल्या जातात.

पाचनईची वाट सगळ्यांत सोपी. दोन-अडीच तासांत माणूस गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचतो. स्वतःची गाडी असेल तर हीच वाट घ्या. पण मुंबईहून एसटीने पाचनईला पोचायचं म्हणजे राजूरपर्यंत एक प्रवास आणि तिथून पुढे मोजक्या गाड्यांची वाट पाहणं. तेवढ्यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी जीप करावी लागते. म्हणजे वाट सोपी, पण खर्चाला अवघड.

नळीची वाट बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूने चढते. ती अनुभवी लोकांची वाट आहे, तिला दोर लागतो आणि सोबत जाणता माणूस लागतो. पहिल्या ट्रेकला तिचा विचारसुद्धा करू नका.

उरली खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट. चार ते पाच तासांची, सातशे मीटरच्या आसपास चढाई, मधे कातळाचा एक टप्पा. पण कल्याण-अहिल्यानगर हमरस्ता पायथ्यापासून पाच किलोमीटरवर आहे आणि त्या रस्त्यावर दिवसभर एसट्या धावतात. तुटपुंज्या बजेटमध्ये वाट निवडताना हाच निकष लावा: पायथ्यापासून चालत गाठता येईल अशा अंतरावर वाहता रस्ता आहे का? गड कोणताही असो, हा प्रश्न पहिला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वर कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप आला, तर आलात त्याच वाटेने उतरायचा हट्ट धरू नका. पाचनईला उतरा. ती वाट जवळची आहे आणि खाली गाडी येते. मग जीपचे पैसे गेले तर जाऊ द्या.

महिना कोणता

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात गड देखणा दिसतो यात वाद नाही, पण माळशेज घाटात दरडी पडतात, रस्ता बंद होतो आणि एसटीवर विसंबलेल्या माणसाची सगळी मांडणी कोलमडते. शिवाय टोलार खिंडीच्या वरच्या भागात धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. त्या रानात पावसाळ्यात माणसं चुकतात, जाणतीसुद्धा चुकतात. मार्चनंतर उन्हाचा त्रास सुरू होतो आणि पाण्याचं ओझं दुप्पट होतं.

सप्टेंबरच्या शेवटी सोनकी फुलते तेव्हा पठार पिवळंजर्द असतं. तेव्हा जायचंच असेल तर आदल्या दोन दिवसांचा पाऊस आणि घाटाची स्थिती विचारूनच निघा.

शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. एक दिवसाची रजा टाकून रविवारी चढायचं आणि सोमवारी उतरायचं. परतीच्या एसटीत बसायला जागा मिळते, गडावर तंबूचे दर बोलून ठरवता येतात आणि कोकणकड्यावर शांत बसता येतं. फक्त मधल्या वारी गडावरच्या जेवण देणाऱ्या सगळ्या झोपड्या उघड्या असतीलच असं नाही, तेव्हा आधी गावात फोन करून विचारा.

गट किती जणांचा

चार ते सहा. दोघांत तंबू, टॉर्च, औषधं यांचा खर्च विभागला जात नाही आणि काही झालं तर एक जखमी, एक सोबतीला, मदत आणायला कुणीच नाही. दहापेक्षा जास्त झाले की एसटीत जागा मिळत नाही आणि चालायचा वेग सगळ्यांत मागच्या माणसाचा होतो. सहाजण उत्तम: दोन तंबू तीन-तीन जणांचे, आणि वेळ पडलीच तर एका जीपमध्ये सगळे बसतात.

गटातला एक तरी माणूस या वाटेने आधी गेलेला असावा. तसा कुणी नसेल तर खिरेश्वरमधून वाटाड्या घ्या. त्याचे पैसे सहाजणांत वाटले की एका माणसावर फारसा भार पडत नाही, आणि तो नुसती वाट दाखवत नाही, कुठल्या टाक्याचं पाणी या महिन्यात प्यायचं तेही सांगतो.

परतीपासून आखणी

आता कागद घ्या आणि खालून वर लिहीत जा.

खुबी फाट्यावर दुपारी साडेतीन-चारपर्यंत पोचायचं. त्यानंतरही गाड्या असतात, पण त्या आपल्या राखीव समजायच्या. पहिली भरलेली गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. अंधार पडण्याआधी दोन-तीन संधी हातात हव्यात.

म्हणजे खिरेश्वरहून दोन-सव्वादोनला निघायला हवं. त्याआधी गावात जेवण, त्याला एक तास. म्हणजे गावात एक वाजता. उतरायला साडेतीन तास धरा, कारण सॅक पाठीवर घेऊन गुडघे बोलायला लागतात. म्हणजे गड सोडायचा साडेनऊला. त्याआधी नाश्ता आणि तंबू आवरणं. सकाळी साडेपाचला उठलात तर तारामती शिखरावरून सूर्योदय पाहून परत येता येतं. तारामती हे गडावरचं सर्वांत उंच ठिकाण आहे.

आता पहिला दिवस. कोकणकड्यावर सूर्यास्त पाहायचा तर साडेपाचला तिथे हवं. मंदिरापासून कड्यापर्यंत रमतगमत अर्धा तास. त्याआधी मंदिर, पुष्करणी, केदारेश्वराची लेणी पाहायला दीड तास. म्हणजे साडेतीनला मंदिरापाशी. चढाईला पाच तास धरले तर खिरेश्वरहून साडेदहाला निघायला हवं. खुबी फाट्यावर साडेआठ-नऊ. कल्याणहून तीन तास. म्हणजे कल्याणची पहाटे साडेपाच-सहाची गाडी.

असं लिहून काढलं की लक्षात येतं, सकाळी दोन तास उशीर झाला तर सूर्यास्त जातो, पण परतीच्या दिवशी दोन तास उशीर झाला तर पैसे जातात. दुसऱ्या दिवसाची वेळ म्हणूनच जास्त कडक पाळायची.

एसटीचा हिशोब

साध्या एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हापासून साध्या गाडीचा एक टप्पा दहा रुपयांच्या आसपास पडतो. कल्याण ते खुबी फाटा साधारण ९५ किलोमीटर, म्हणजे सोळा टप्पे, म्हणजे १६० रुपये. हा हिशोब कुठल्याही गडासाठी घरबसल्या करता येतो: किलोमीटरला सहाने भागा, दहाने गुणा. निमआराम किंवा शिवशाही असेल तर जास्त पडेल, म्हणून चढताना "साधी आहे ना?" एवढं विचारून घ्या.

महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. गटात तिघी असतील तर एकूण खर्चात चांगला फरक पडतो. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ च्या पुढे मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा. आमच्याबरोबर एका मित्राचे ६८ वर्षांचे वडील आले होते, सगळ्यांत कमी तिकीट त्यांचं आणि सगळ्यांच्या पुढे चालणारेही तेच.

कल्याणला माळशेजमार्गे आळेफाटा, जुन्नर किंवा अहिल्यानगरला जाणारी गाडी विचारा. पाटीवर काही ठिकाणी अजून नुसतं "नगर" असतं. गाडी नेमकी कुठून सुटते हे आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारून या, थांबे बदलत असतात. मोबाइलवर कुणीतरी तीन वर्षांपूर्वी टाकलेल्या वेळापत्रकाच्या फोटोवर पहाटेची झोप पणाला लावू नका. कंडक्टरला चढतानाच सांगा, "खुबी फाट्याला उतरायचंय." घाट चढून गेल्यावर थोड्याच वेळात फाटा येतो आणि डाव्या हाताला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसायला लागतं.

पुण्याहून येणाऱ्यांनी नारायणगावमार्गे आळेफाटा गाठायचा आणि तिथून ओतूर-मढमार्गे कल्याणकडे जाणारी एसटी धरायची. फाटा तोच.

खुबी फाट्यावर खिरेश्वरला नेणारी जीप कधीकधी उभी असते. घेऊ नका. पैसे वाचतात हे तर आहेच, पण धरणाच्या भिंतीवरून जाणारी ती पाच किलोमीटरची वाट म्हणजे या ट्रेकचा एक चांगला तुकडा आहे. एका बाजूला पाणी, समोर हरिश्चंद्रगडाचा आडवा पसरलेला डोंगर. हिवाळ्यात सकाळी पाण्यावरून वाफ उठत असते आणि भिंतीच्या कडेच्या गवतावरचं दव बुटातून आत झिरपतं. सव्वा तासात पाय मोकळे होतात आणि चढाई सुरू करताना शरीर तयार असतं.

हजार रुपये जातात कुठे

माणशी अंदाज असा. आकडे थोडे पुढेमागे होतील, गावात फोन केलात तर नेमके कळतील.

लोकल ये-जा: ४०
एसटी ये-जा: ३२०
प्रवेश शुल्क, पावती यासाठी बाजूला: ५०
गडावर रात्रीचं जेवण: १८०
तंबूचा वाटा: १५०
सकाळी पोहे-चहा: ६०
दुसऱ्या दिवशी खिरेश्वरला जेवण: १५०
घरून नेलेला खाऊ: ५०

हे झाले एक हजार. महिलांसाठी ८४०. याशिवाय प्रत्येकाने ५०० रुपये रोख वेगळ्या पाकिटात ठेवायचे, ते अडचणीसाठी. तिथे मोबाइलच्या पैशांवर अवलंबून राहता येत नाही, नेटवर्क येतं-जातं. सुटे घ्या: दहा, वीस, पन्नासच्या नोटा. गडावर पाचशेची नोट मोडायला कुणाकडे सुटे नसतात.

याहून कमी करता येईल का? येईल. स्वतःचा तंबू किंवा कुणाकडून मागून आणलेला असला तर दीडशे वाचतात. जेवण स्वतः शिजवलं तर शे-सव्वाशे वाचतील असं वाटतं. पण हा हिशोब नीट मांडून बघा. गॅसची छोटी टाकी, शेगडी, पातेलं, तांदूळ-डाळ, तेल, भांडी घासायचं पाणी. हे सगळं पाठीवर चढवायचं. लाकडं गोळा करून चूल पेटवायचा तर विचारच नको, हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. त्यापेक्षा झोपडीतलं पिठलं-भाकरी घ्या. अंधारात झोपडीच्या दाराशी बसावं, आत चुलीवर तवा, मावशी दोन्ही हातांवर भाकरी थापत असतात, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात, मग ती विस्तवाला टेकवून फुगवतात आणि थेट ताटात. बरोबर ठेचा आणि कांदा. दिवसभर चालून आलेल्याला यापेक्षा काही नको असतं.

त्या दीडशे-दोनशे रुपयांवर घासाघीस करू नका, हे मी कळकळीने सांगतो. पिठाचं पोतं, तेलाचा डबा, पाण्याचे हंडे त्या माणसांनी खालून डोक्यावर वाहून आणलेले असतात. आपण जिथे बचत करायची ती प्रवासात, सामानात आणि वेळेच्या आखणीत करावी. गावात जाणारा पैसा कापून स्वस्त ट्रेक केला तर तो खर्च आपण दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला असतो.

सामान: काय घ्यायचं, काय मागायचं, काय सोडायचं

एकाच गोष्टीवर पैसे खर्च करा: बूट. महागडे नव्हे, पकड असलेले. तळव्याला खोल खाचा हव्यात, आणि बूट हातात धरून चवड्यापाशी दुमडला तर वाकला पाहिजे. मधोमध कागदासारखा घडी होत असेल तर तो सोडा. सह्याद्रीत वर्षानुवर्षं मुलं अ‍ॅक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर फिरली आहेत, ते आजही चालतात. नवे बूट थेट ट्रेकला घालू नका, आधी दोन आठवडे रोज घालून फिरा.

जुने बूट असतील तर निघण्याच्या आधी आठ दिवस तळवा तपासा. वर्षभर कपाटात पडलेल्या बुटाचा तळवा बाहेरून धडधाकट दिसतो आणि अर्ध्या वाटेत सालीसारखा सुटतो. अंगठ्याने तळवा आणि वरचा भाग यांच्यामधली कड जोरात दाबून पाहा. जरा जरी फट उघडली तर चांभाराकडून शिवून घ्या. नुसतं चिकटवून भागत नाही, शिवूनच घ्यायचं. टोलार खिंडीच्या खाली आमच्यातल्या एकाचा तळवा असाच सुटला होता. सुतळीने बूट आडवा-उभा बांधला आणि त्याला तसाच वर नेऊन खाली आणला. तेव्हापासून दोन मीटर सुतळी माझ्या सॅकच्या वरच्या खणात कायम असते.

सॅक शाळा-कॉलेजची चालते, पण पट्टे रुंद हवेत. आत एक मोठी कचऱ्याची काळी पिशवी आधी बसवा आणि सगळं सामान तिच्यात भरा. पंधरा रुपयांत सॅक जलरोधक होते. जड वस्तू पाठीला चिकटून मधल्या भागात, हलक्या तळाशी आणि बाहेरच्या बाजूला. पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना सारख्या.

स्लीपिंग बॅग आणि कॅरीमॅट मुंबई-पुण्यात भाड्याने मिळतात. पण दोन दिवसांसाठी मी घरातली चादर आणि लोकरीची शाल पुरेशी मानतो, डिसेंबर-जानेवारी सोडून. त्या दोन महिन्यांत गडावर पहाटेची थंडी अंगात शिरते, तेव्हा स्लीपिंग बॅग घ्याच. कानटोपी आणि कोरडे मोजे कुठल्याही महिन्यात लागतात. झोपताना घालायचे मोजे वेगळे ठेवा, दिवसभराचे घामट मोजे रात्री पायात ठेवले की थंडी तिथूनच वर चढते.

कपडे: सुती टीशर्ट आणि जीन्स नको. ओली झालेली जीन्स वाळत नाही आणि मांड्या सोलून काढते. घरातली ट्रॅकपँट, खेळायची जर्सी, वर एक पूर्ण बाह्यांचा शर्ट. झालं.

टॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र, मोबाइलचा टॉर्च मोजायचा नाही. डोक्याला बांधायचा असेल तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. जास्तीचे सेल.

औषधांची एक पिशवी गटात एकच: चिकटपट्ट्या, बँडेज, जंतुनाशक, क्रेप बँडेज, तापाची आणि जुलाबाची गोळी, ओआरएसची पाकिटं. कुणाला दमा, मधुमेह, रक्तदाब असेल तर त्याची औषधं त्याच्याकडे आणि त्याची माहिती दुसऱ्या एकाकडे.

खाऊ आणि पाणी

आपल्या घरात पिढ्यानपिढ्या प्रवासाचा खाऊ तयार होत आला आहे, त्याच्यापुढे बाजारातली पाकिटं महाग आणि निरुपयोगी. दुधात भिजवलेल्या गुळाच्या दशम्या दोन दिवस टिकतात आणि थंडही चांगल्या लागतात. शेंगदाणे-गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट लावलेले पोहे. लिंबं, मीठ, साखर वेगवेगळं न्या आणि वाटेत सरबत करा. आमच्याकडे दशम्या करायचं काम पाळीपाळीने एकेका घरावर असतं, म्हणून खाऊचा खर्च पन्नासात बसतो.

चढताना दर तासाला थोडं खायचं. एकदम जेवायचं नाही.

पाणी माणशी तीन लिटर, खिरेश्वरमधून भरून. दिवाळीनंतर वाटेवर पाण्याचा भरवसा धरता येत नाही. वर मंदिराजवळ कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यातलं पाणी कुठलं प्यायचं ते झोपडीवाल्यांना विचारा आणि क्लोरीनची गोळी वापरा. पिण्याच्या टाक्यात हातपाय धुणं, ताटं विसळणं हा गुन्हा समजा.

वाटेवर

खिरेश्वरात नागेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, ते पाहून घ्या. तिथून पुढे रान सुरू होतं आणि तास-सव्वा तासात टोलार खिंड. खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला एक दगड आहे, तो ठिकाणाची खूण म्हणून लक्षात ठेवा. समोरची वाट पलीकडे कोथळे गावात उतरते, तुम्हाला डावीकडची धरायची आहे.

लगेच कातळाचा टप्पा लागतो. लोखंडी रेलिंग लावलेलं आहे. एका वेळी एकानेच चढायचं आणि रेलिंगवर सगळा भार न टाकता पाय कातळातल्या खोबणीत ठेवत जायचं. पाठीमागच्याने दोन हात अंतर ठेवावं, वरून सुटलेला दगड त्याच्या डोक्यावर यायला नको. उतरताना हाच टप्पा जास्त जपून. तोंड कातळाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरलं की भीती निम्मी होते.

वर आल्यावर आता पोचलोच असं वाटतं आणि माणसं इथेच फसतात. अजून दीड-दोन तास चाल आहे, चढउताराच्या टेकड्या, ट्रेकर त्यांना सात टेकड्या म्हणतात. मधे झाडी आहे, फाटे आहेत. दगडांवरचे बाण पाहत जा. पंधरा मिनिटं एकही बाण दिसला नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या बाणापर्यंत परत या. गटाचा पहिला आणि शेवटचा माणूस ठरवून ठेवा. प्रत्येक फाट्यावर पहिल्याने थांबायचं, शेवटचा दिसला की मगच पुढे.

मग एकदम खाली हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर दिसतं. मंदिर, शेजारची पुष्करणी आणि केदारेश्वराची लेणी यांना घाई करू नका. लेण्यात मोठं शिवलिंग आहे, भोवती कमरेपर्यंत बर्फासारखं गार पाणी. चार खांबांपैकी एकच अखंड उभा आहे. चांगदेवांचे शिलालेख या परिसरात आहेत आणि त्यांनी "तत्त्वसार" इथेच लिहिल्याचं सांगितलं जातं.

कोकणकडा आत वळलेला आहे, म्हणजे काठावर उभं राहिल्यावर पायाखाली कडा नसतो, पोकळी असते. वारा खालून वर येतो. काठावर पालथं झोपून पाहायचं, पाय कुणीतरी धरायचे, आणि अंधार पडल्यावर कड्याकडे फिरकायचं नाही. फोटोसाठी एक पाऊलसुद्धा पुढे नको.

निघण्याआधीचा एक दिवस

घरच्यांना कागदावर लिहून द्या: वाट कोणती, मुक्काम कुठे, गटातल्या प्रत्येकाचं नाव, आणि दुसऱ्या दिवशी रात्री किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ११२ हा नंबर सगळ्यांना माहीत हवा. डोंगरातल्या बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर शोधून प्रत्येकाने मोबाइलमध्ये आणि कागदावर लिहून घ्यावा. मोबाइल विमान मोडवर ठेवला तर बॅटरी दोन दिवस पुरते.

आधी कधी डोंगर चढला नसाल तर पंधरा दिवस पाच किलोची पिशवी पाठीवर घेऊन इमारतीचे जिने चढा-उतरा. उतरणं विसरू नका, गुडघे उतरतानाच दुखतात.

आणि पैसे एकाच माणसाकडे द्या. निघताना प्रत्येकाकडून हजार गोळा करायचे, त्याने वहीच्या एका पानावर सगळं टिपायचं: तिकीट, चहा, तंबू, जेवण. परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली की घाट उतरायच्या आत हिशोब मांडायचा आणि उरलेले जागच्या जागी परत करायचे. आमच्या मागच्या फेरीत माणशी साठ रुपये उरले होते. मुरबाडला गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा त्यातून सगळ्यांनी गरम वडापाव खाल्ले.